कागदावर निघालेली टाकी

केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला भोगावे लागते, असे आपल्या कानी लहानपणापासून पडते. न केलेल्या कर्माचे फळ मात्र बहुधा शेजाऱ्याच्या पदरी पडते, आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. एखादे काम करायचे राहून गेले आणि ते झाले असे कोणी भल्या हेतूने लिहून ठेवले, तर त्या अक्षरांना सहसा कोणी जाब विचारत नाही. जमीन विचारते, तिला उशीर लागतो इतकेच. शरच्चंद्र घारपुरे यांच्या बाबतीत तिला एकतीस वर्षे लागली.

गणपती उठून चार-पाच दिवस झाले होते. कसबा पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या जागेत शरच्चंद्र सकाळचे वर्तमानपत्र दुपारी वाचत बसले असता महापालिकेतला एक पस्तिशीचा अभियंता दारात उभा राहिला. नाव आमोद. ज्या खात्यातून शरच्चंद्र पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्याच खात्यात तो होता.

“सर, पाच मिनिटांचं काम आहे. एक सही ओळखायची आणि एकदा ‘हो’ म्हणायचं.”

“‘हो’ म्हणायला यांना पाच मिनिटं पुरत नाहीत,” आतून उल्काताई म्हणाल्या. “आमच्या लग्नाच्या वेळी चार महिने लागले होते.”

आमोद हसला आणि त्याने एका कागदाची झेरॉक्स पुढे केली. मागच्या गल्लीत पूर्वी महापालिकेचा गाडीतळ होता. कचऱ्याच्या गाड्यांना तिथेच डिझेल मिळे, आणि त्यासाठी जमिनीखाली एक लोखंडी टाकी पुरलेली होती. गाडीतळ हलला, त्याला आता एक पिढी उलटली. सध्या तिथे दुचाकी लावतात. त्या जागेच्या भिंतीला लागून अख्तरबानू कागदी यांचे घर आणि त्यांची विहीर. विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येतो, असा त्यांचा अर्ज होता. प्रयोगशाळेचा अहवालही त्यांच्या बाजूने होता.

“यंदा आपल्याच जुन्या टाक्यांच्या सफाईसाठी निधी ठेवलाय,” आमोद म्हणाला. “पण टाकी नोंदीत असेल तरच. ही टाकी नोंदीत नाही. तीस मार्च चौऱ्याण्णवला काढून टाकली, खड्डा मुरमाने भरला, अशी मोजमापाच्या पुस्तकात नोंद आहे. लांबी, रुंदी, खोली, सगळं. खाली तुमची सही. म्हणजे वास दुसरीकडून कुठून तरी येतोय. आपण दोन ओळी लिहून दिल्यात की फाइल बंद करतो.”

शरच्चंद्रांनी चष्मा पुसला. अक्षर त्यांचेच होते, टपोरे, एकाही खाडाखोडीविना. खोटे लिहिताना हात अधिक जपून चालतो, हे त्यांना त्या क्षणी प्रथमच दिसले.

त्या मार्चमधले सगळे त्यांना आठवले. एकतीस तारखेला निधी परत जाणार होता. क्रेन मिळत नव्हती, कारण गावातल्या सगळ्याच कामांना त्या आठवड्यात क्रेन हवी होती. वरिष्ठ म्हणाले, “घारपुरे, लिहून टाका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढू. नाहीतर पैसे गेले आणि टाकी राहिली.” सगळेच तसे लिहीत. काम मागाहून करायचे, आणि बहुधा ते होईही. शरच्चंद्रांनी एका पैशाला हात लावला नव्हता. चहासुद्धा स्वतःच्या खिशातून प्यायले होते. एप्रिलमध्ये ठेकेदार आजारी पडला. जूनमध्ये त्यांची बदली पर्वतीला पाणीपुरवठ्याकडे झाली. पुढे कधीतरी त्यांनी कोणाला तरी विचारले, “ते गाडीतळाचं झालं का हो?” तो म्हणाला, “झालं असेल.” त्या ‘असेल’वर ते एकतीस वर्षे निजले.

“आमोद, मी उद्या सांगतो,” ते म्हणाले.

तो गेल्यावर उल्काताई बाहेर आल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिले. कप उचलला आणि त्या पुन्हा आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरच्चंद्र गल्ली ओलांडून अख्तरबानूंकडे गेले. त्या घरी हातकागद होतो. चिंध्यांचा लगदा हौदात ढवळायचा, गवती काड्यांच्या चाळणीवर तो अलगद उचलायचा, ओला ताव भिंतीवर डकवायचा आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचा. नळाच्या पाण्यातले औषध कागदाला काही वर्षांनी पिवळे पाडते, म्हणून विहीर. जुन्या पोथ्यांची फाटकी पाने सांधायला हा कागद लागे, आणि शहरातली एक संस्था तो दरवर्षी घेई.

अख्तरबानूंनी एक ताव उजेडात धरला. मधोमध तेलाचे फिकट वर्तुळ होते.

“संस्थेने परत पाठवला, साहेब. दिवाळीनंतरही असाच आला तर बाहेरून मागवू म्हणतात. त्यांचं तरी काय चुकलं? पोथी तीनशे वर्षं टिकली आणि माझ्या ठिगळाने नासली, असं नको व्हायला. जिनत खराडीला नोकरी करते. ती म्हणते, अम्मी, बंद कर. हात दुखतातच आहेत.”

शरच्चंद्र विहिरीत डोकावले. पाणी स्वच्छ दिसत होते. वास मात्र जुन्या कार्यालयाच्या जिन्यासारखा ओळखीचा होता.

“यांनी तीनदा उपसली,” अख्तरबानू म्हणाल्या. चार वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचे, अकबरभाईंचे, नाव त्या घेत नसत. “मी म्हणत होते, गाडीतळाची टाकी असेल. ते म्हणायचे, नाही, मी घारपुरे साहेबांना विचारलंय, ती निघाली. साहेब मोजल्याशिवाय लिहीत नाहीत. मग यांनी डोक्यात घेतलं की कठडा बांधताना आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. कठडा फोडला, पुन्हा बांधला. शेवटच्या आजारातही कठड्याचंच बोलत होते.”

शरच्चंद्र कठड्याला हात टेकून उभे राहिले. बांधकाम चोख होते. दर्जा कळावा इतके आयुष्य त्यांनी त्याच कामात घालवले होते.

“भाभी, टाकी निघालेली नाही. मी लिहिलं, पण काढली नव्हती.”

आत लगदा ढवळणाऱ्या बाईचा हात थांबला.

“यांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, कागदावर निघाली आहे. त्यांनी ‘निघाली आहे’ एवढंच ऐकलं. आधीचा शब्द मी मोठ्याने म्हटला नव्हता.”

अख्तरबानूंनी तो डागाळलेला ताव नीट दुमडून फळीवर ठेवला.

“चहा घेणार?” त्या म्हणाल्या. “नळाच्या पाण्याचा आहे.”

शरच्चंद्रांनी घेतला. त्यांनी क्षमा मागून त्या बाईवर आणखी एक काम टाकले नाही.

त्याच दुपारी त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात निवेदन लिहिले: सदर नोंद काम होण्यापूर्वी केली, काम झाले नाही, टाकी आजही जागेवर असावी. खाली सही केली आणि टाकीची जागा आठवणीने नकाशावर दाखवली. आमोदने ते दोनदा वाचले आणि म्हणाला, “सर, नक्की ना? फक्त दोन ओळी मागितल्या होत्या.”

संध्याकाळपर्यंत बातमी पोचली. एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, “तुला कोणी विचारलं होतं रे?” उल्काताईंनी भाजी निवडता निवडता चौकशी केली.

“अहो, पेन्शनला काही?”

“इतक्या जुन्या गोष्टीवर काही होत नाही.”

“मग जाणार काय?”

“जिन्यात लोक थांबून नमस्कार करतात ना, तो.”

“ते दम लागतो म्हणून थांबतात. नमस्कार आपल्याला वाटतो,” उल्काताई म्हणाल्या, आणि निवडलेली मेथी त्यांच्यापुढे सरकवली. “देठ काढा.”

मग फाइल निघाली. तिच्या प्रवासाचे वर्णन करण्यात वाचकाचा आणि लेखकाचा दोघांचाही वेळ जाईल. वाहन विभागाने विचारले, जागा कोणाची? मालमत्ता विभागाने विचारले, टाकी कोणाची? पर्यावरण विभागाने विचारले, नोंदीत नसलेली टाकी निवेदनाने नोंदीत येते काय? शरच्चंद्र प्रत्येक टेबलापुढे बसून तेच वाक्य बोलले. पहिल्यांदा उच्चारताना ते जिभेवर जड होते; चौथ्यांदा ते नुसते थकलेले होते. दिवाळी गेली. संस्थेने अर्धी मागणी रद्द केली. उरलेल्या अर्ध्यासाठी अख्तरबानू एका नातेवाइकाच्या विहिरीवरून कॅन आणवू लागल्या. संक्रांत गेली. मंजुरी आली ती तेवीस मार्चला.

अठ्ठावीस मार्चला टाकी निघाली. क्रेनने ती उचलली तेव्हा तळाचे लोखंड जाळीसारखे झाले होते, आणि खालची माती काळी, ओलसर, चमकती होती. दुचाक्या हलवाव्या लागल्या म्हणून चिडलेले चारजण नाकाला रुमाल लावून गप्प उभे राहिले. जागा दाखवायला बोलावलेले शरच्चंद्र एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची अख्तरबानूंच्या घरातून आली होती, आणि त्या स्वतः भिंतीतल्या दिंडीदरवाजात उभ्या होत्या.

आमोद खड्ड्यापासून वळला आणि शरच्चंद्रांजवळ येऊन बसला. त्याच्या हातात मोजमापाचे पुस्तक होते.

“सर, माती काढायला तीन आठवडे, विहीर उपसून पाणी शुद्ध करायला दोन महिने. आणि एकतीसला निधी जातो. मी सगळं भरून ठेवतो. माती काढली, विहीर साफ केली. एप्रिल-मेमध्ये करून घेतो. ठेकेदार चांगला आहे. आणि मी इथेच आहे, सर.”

शरच्चंद्रांना त्या तरुणात काडीचीही खोट दिसेना. आपणही असेच होतो, आणि म्हणूनच भीती वाटली. ते उठून उभे राहिले.

“आमोद, पैसे भाभींच्या विहिरीचे आहेत. त्यांना विचारा. मला विचारू नका. माझं उत्तर मी एकदा देऊन बसलोय.”

अख्तरबानूंनी सगळे ऐकले होते.

“लिहिलं नाही तर?” त्यांनी विचारले.

“आज झालंय तेवढंच मिळेल. बाकीचं पुढच्या वर्षी पुन्हा मागायचं. मिळेल, पण कधी ते सांगता येत नाही. तोवर पाणी असंच.”

“आणि लिहिलं, आणि काही कारणाने नाही झालं?”

“होईल हो, मावशी. मी आहे ना.”

“हेही होते,” अख्तरबानू शरच्चंद्रांकडे बोट न करता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तो ऐकणे अधिक कठीण झाले. “तुमची बदली होईल, बेटा. चांगल्या माणसांची होते. मग पुस्तकात माझी विहीर स्वच्छ असेल. स्वच्छ विहिरीला परत कोण पैसे देणार? तीस वर्षं आम्ही स्वतःलाच दोष दिला. आता जेवढं घाण आहे, तेवढं घाण लिहा. एक वर्ष मी कॅन आणीन.”

आमोद थोडा वेळ पेनशी चाळा करीत बसला. मग त्याने खिशातून टेप काढला आणि आजूबाजूला पाहिले. ठेकेदाराची माणसे टाकीला दोर बांधण्यात गुंतली होती.

“मी धरतो,” शरच्चंद्र म्हणाले.

त्र्याहत्तर वर्षांचा तो गृहस्थ खड्ड्याच्या काठाने हळूहळू चालत पलीकडे गेला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि फितीचे टोक काळ्या मातीवर धरून बसला. लांबी घेतली. रुंदी घेतली. खोलीसाठी आमोद स्वतः शिडीने उतरला. मापे सारी किरकोळ निघाली. मंजूर झालेल्या कामाच्या पुढे ती अगदीच केविलवाणी दिसत होती. आमोदने ती तशीच लिहिली आणि पुढच्या रकान्यात ‘दूषित माती व विहीर: काम शिल्लक’ असे लिहून त्याखाली रेघ मारली. सही करण्याआधी त्याने पुस्तक शरच्चंद्रांपुढे धरले. त्यांनी वाचले आणि मान हलवली. उठताना त्यांना आधार लागला. तो अख्तरबानूंनी दिला.

“पुढच्या वेळी खुर्ची खड्ड्याजवळच ठेवते,” त्या म्हणाल्या.

एकतीस तारखेला उरलेला निधी परत गेला. खड्ड्यावर पत्रा टाकला, विहिरीवर जाळी बसवली. एप्रिलच्या दोन तारखेला आमोदने नवा प्रस्ताव पाठवला. सोबत टाकीची छायाचित्रे, अहवाल, आणि घारपुरे यांचे निवेदन. त्याचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. शरच्चंद्र दर सोमवारी चौकशीला जातात आणि परतताना अख्तरबानूंच्या दारात क्षणभर थांबून नकारार्थी मान हलवतात. त्यावरूनच त्यांना उत्तर कळते. त्या परत हौदाकडे वळतात.

त्या मातीला लवकर हात लागो. त्या तरुणाच्या हाताला खऱ्या मापांचा कंटाळा न येवो. अख्तरबानूंच्या भिंतीवर एक तरी ताव पुन्हा डागाविना वाळो. अकबरभाई जिथे असतील तिथे त्यांना कळो, की कठडा पहिल्याच वेळी नीट बांधला होता. आणि ज्याने उशिरा का होईना टोक धरले, त्याला आता झोप लागो.