व्हॉल्व्हची नक्कल

सुरतजवळ भेस्तानच्या घरी जेवताना तुषार सहज बोलून गेला, "ताई, तुझ्या सिम्युलेटरवर प्रेशर वाढलं की मी फ्लेअरची, म्हणजे जादा गॅस जाळायची, लाइन हातानेच उघडतो. सेफ्टी व्हॉल्व्हची वाट बघत बसत नाही."

प्राजक्ताचा घास हातातच राहिला. "का? तो आपोआप उघडतो ना?"

"पहिल्यांदा उघडतो. सरांनी सराव मागच्या साठवलेल्या स्थितीवर परत नेला की मग नाही."

सत्त्याण्णव सालची गोष्ट. हजीऱ्याच्या एका गॅस प्लांटवर शिकाऊ ऑपरेटरांसाठी प्राजक्ताने संगणकात अख्खा प्लांट उभा केला होता. तिचा धाकटा भाऊ त्यावरच शिकत होता. खऱ्या प्लांटवर त्याने हाताने लाइन उघडली आणि सेफ्टी व्हॉल्व्हही उघडला, तर प्रेशर धाडकन पडणार. तिला जेवण गेलं नाही.

सकाळी ऑफिसात चूक सापडली. प्रोग्रॅममध्ये सगळे व्हॉल्व्ह एकाच जातीच्या पॉइंटरमागे, म्हणजे वस्तूचा पत्ता सांगणाऱ्या खुणेमागे, होते. साधा की सेफ्टी, हे मागची वस्तूच जाणत होती. स्थिती साठवताना प्राजक्ताचा प्रोग्रॅम मात्र प्रत्येकाची साध्या व्हॉल्व्हसारखीच नक्कल करी. नाव तेच, नंबर तोच. आपोआप उघडण्याचा गुण तेवढा गळालेला.

ती आपल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांकडे, मगनभाईंकडे धावली. "ट्रेनिंग थांबवायला लागेल."

"बेन, दिवाळी पछी जोईशुं, दिवाळीनंतर बघू. आत्ता सांगितलं तर कॉन्ट्रॅक्ट जाईल."

"पहिली बॅच ड्युटीवर गेलीय, मगनभाई."

तिने त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि प्लांटवर ट्रेनिंग बघणाऱ्या चंद्रकांत देसल्यांना सगळं सांगून टाकलं.

"कधी दुरुस्त होईल?" पलीकडून थंड आवाज आला.

"आत्ता सांगता येत नाही, साहेब. पण तोवर कुणाला बसवू नका."

मगनभाई उठून बाहेर गेले. ती मशीनवर बसली. आता प्रत्येक वस्तूने स्वतःची नक्कल स्वतः करायची, असं तिने लिहिलं. सेफ्टी व्हॉल्व्ह सेफ्टीच राहिला, पण उघडेना. बघते तर नक्कल झालेला नवा व्हॉल्व्ह नक्कलेतल्या टाकीचं सोडून जुन्याच टाकीचं प्रेशर मोजत होता! मग आधी सगळ्यांच्या नकला, नंतर नव्यांची नव्यांशी जोडणी. व्हॉल्व्ह उघडला. तिने पुन्हा मागे नेलं. उघडला. तरी ती तपासतच राहिली. चहा दोनदा निवला.

कॉन्ट्रॅक्ट टिकलं, पण मगनभाई कामापुरतंच बोलू लागले. ड्युटीवर गेलेल्यांना परत शिकायला बोलावलं, तुषारच्या बॅचची परीक्षा पुढे ढकलली.

"सगळे मला बोलतात, ताई. म्हणतात, तुझ्या बहिणीमुळे अडकलो."

"बोलू देत. परत पहिल्यापासून बस. हात आवरायची सवय लागली पाहिजे."

महिन्याने तुषारची खरी ड्युटी लागली. पहिल्या दिवशी प्राजक्ताने रजा टाकली, आणि तो घरी येईपर्यंत ती एका जागी बसली नाही.