लाल लेकींची पिवळी आई

मी प्रिमरोझचं एक जुनं रोप आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी मत्सरी आहे. माणसं फुलांना गोड, नाजूक, शांत म्हणतात. म्हणोत बापडी. माझ्याइतका जळफळाट तुम्ही कुठल्या फुलात पाहिला नसेल.

आयर्लंडमधल्या लीट्रिम परगण्यात, नुआलाच्या घरामागे, हेझलच्या झाडाखाली माझी जागा. तिथे ऊन कवडशापुरतं येतं आणि माती बारा महिने ओली असते. आम्हाला तेच हवं असतं. नुआला लग्न करून निघाली तेव्हा तिच्या आईने मला ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवलं. या घरात आम्ही दोघी एकाच दिवशी आलो.

माझी फुलं लोण्यासारखी पिवळी. मे महिना लागायच्या आदल्या संध्याकाळी इकडे घराच्या आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरतात. टेकडीत राहणारी अदृश्य मंडळी, त्यांचं नाव कुणी घेत नाही, त्या रात्री गाईंचं दूध पळवतात म्हणे. पिवळं फूल त्यांना ओलांडता येत नाही. दर वर्षी ती फुलं माझी असायची. नुआलाचा नवरा मॅलकी स्वतः वाकून ती तोडायचा आणि म्हणायचा, "हिच्या जिवावर दूध आहे बाबा आपलं." मग काय, माझी मान ताठ!

पुढे नुआलाला बियांचं वेड लागलं. तिने माझी बोंडं हिरवी असतानाच खुडली, कारण ताजं बी पटकन रुजतं. पसरट कुंडीत तिने ते नुसतं वर भुरभुरवलं. मातीने झाकलं नाही, त्याला उजेड लागतो. पाणीही वरून घालायची नाही, कुंडीच परातीतल्या पाण्यात ठेवायची. हिवाळ्यात कुंडी उत्तरेच्या भिंतीशी, हिमात उघडी.

"अगं, पोरं गारठून मरतील ना!" मॅलकी म्हणाला.

"गारठा खाल्ल्याशिवाय त्या उठायच्याच नाहीत. अगदी तुझ्या उलट."

वसंतात उठल्या त्या. मोहरीएवढी पानं, पण नुआला चष्मा लावून त्यांच्याशी गप्पा मारत बसायची. त्यांच्यावरच्या गोगलगायी वेचायची आणि, खोटं सांगत नाही, माझ्या बाजूला फेकायची. माझ्या पानांची चाळण झाली. आम्हाला अधूनमधून उकरून, फोडून, नव्या मातीत लावावं लागतं, नाहीतर आमचा बुंधा लाकडासारखा होऊन मातीबाहेर येतो. तेही ती विसरली. त्या माझ्याच लेकी होत्या, ठाऊक होतं मला. तरी त्या मराव्यात असं मला रोज वाटायचं.

पुढच्या वसंतात त्यांना फुलं आली. शेजारच्या बागेतल्या रंगीत फुलांवरून माझ्याकडे मधमाश्या येत, त्यांचा हा प्रताप. कुणी गर्द लाल, कुणी डाळिंबी. काही माझ्यासारख्या पिवळ्या निघाल्या, त्या नुआलाने चर्चच्या जत्रेत वाटून टाकल्या. "पिवळी काय, रस्त्याकडेलाही मिळते," ती म्हणाली. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

बागेतली सगळ्यात ओली जागा माझी होती, आणि ती लेकींना हवी होती. मे लागायच्या आदल्या दिवशी सकाळी नुआलाने फावडं आणलं, मला उपटलं आणि शेणाच्या ढिगावर टाकलं. दाट सावलीमुळे माझा बहर नेहमी उशिरा सरतो, म्हणून थोडी फुलं अजून अंगावर होती. मुळं वाऱ्यावर सुकत चालली. उद्याचा दिवस दिसणार नाही हे कळलं होतं. समोर त्या दिसत होत्या, माझ्या मातीत, माझ्या सावलीत. मरणापेक्षा तेच जास्त झोंबलं.

संध्याकाळी माझ्या जागी नुसतं लाल दिसलं म्हणून मॅलकी रस्त्याकडेला पिवळी फुलं शोधायला गेला आणि हात हलवत परत आला. त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं, रस्त्याकडेची फुलं कधीच सुकली होती.

"नुआला! पिवळं फूल कुठंय?"

"यातलं लाल घे की. बघ किती सुंदर आहे."

"लाल? उंबऱ्यावर? मग त्या मंडळींना जेवायलाच बोलाव ना! गाई आटल्या तर तू देणार आहेस का दूध?"

"अरे, तू खरंच मानतोस हे सगळं?"

"मी नाही मानत. पण ते मानतात ना!"

नुआलाला ढिगावरची मी आठवले. मग ती घरातल्या सपातांतच धावत ढिगाशी आली. तिने माझी फुलं तोडून मॅलकीच्या हातात दिली. झालं, मला वाटलं, संपलं आपलं काम. पण तिने मला उचलून एप्रनमध्ये घेतलं. "आईने दिलं होतं गं तुला," ती म्हणाली.  "काय करून बसले मी!"

तिने सुरी आणली. वाळका बुंधा छाटला, मुळांसकट माझे चार तुकडे केले, पाण्यात भिजवले आणि लेकींना जरा सरकवून हेझलखालीच लावले. फार दुखलं. पण मुळं धरली.

म्हणून मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा, फक्त जुन्याला फेकण्याआधी एकदा हात लावून पाहा. पुष्कळदा त्याला थोडी नवी माती पुरते. लेकींवरचा माझा राग आता निवळला आहे. आता आम्ही चौघी आहोत, आणि चौघीही मीच. पण या वसंतात आमच्या चौघींतल्या त्या कोपऱ्यातलीला माझ्यापेक्षा दोन फुलं जास्त आली, आणि नुआला रोज सकाळी आधी तिच्याकडेच जाते. काय एवढं आहे तिच्यात, मला तर काही दिसत नाही.