पिण्याची विहीर

दिगू लिमये रिहे गावात आला त्या दिवशी हैबतरावांना पहिल्यांदा स्वतःच्या पोटाची किळस आली. तोवर ते पोट त्यांच्या पुढे पुढे चालत होतं आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. कॉलेजात असताना पोहण्याच्या शर्यतीची ढाल याच गृहस्थानं दरसाल आणली, असं कुणी सांगितलं असतं तर ऐकणारा हसला असता. पदवी झाली, गावी येऊन भातखाचरं सांभाळू लागले, आणि पाण्यात उतरायचं राहून गेलं ते गेलंच.

दिगू त्या वेळचा जोडीदार, आता पुण्यात वकील. त्यानं प्रौढ जलतरण मंडळ काढलं होतं आणि कॉलेजात पोहून पुढे पोट सुटलेल्यांना तो घरोघर फिरून ओढून आणत होता.

"अरे, पोहणं कधी विसरतो का माणूस? तू आलास की बाकीचेही येतील."

"हे घेऊन?" हैबतरावांनी पोटावर थाप मारली.

"सगळ्यांचीच सुटलीत. रविवारी मंडळालाच इकडे आणतो. तुझ्या विहिरीत उतरून बघ एकदा."

तो रविवार येईपर्यंत हैबतरावांचं कशात लक्ष लागेना. आपला हात पाण्यात अजून चालतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

अडचण होती ती विहिरीची. मळ्यातली विहीर चैत्रात आटून गाळाला आलेली. पाणी होतं ते घरापुढच्या पायऱ्यांच्या विहिरीत, आणि ती पिण्याची. तिच्यात कुणी पाय बुडवत नसे. डोंगरातल्या कातकरवाडीच्या बायांना तर काठाशीही यायची बंदी. त्या लांब करंजाखाली हंडे मांडून बसत. गावातली कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी मिळे. गेल्या उन्हाळ्यात वाडीतल्या तानुबाईच्या सुनेनं, पारूनं, वाट बघून बघून शेवटी पायऱ्या उतरून घागर बुडवली, तर हैबतरावांनी मोट जुंपून अख्खी विहीर उपसायला लावली होती. याविरुद्ध सरकारचा कायदा झाला होता, पण तो राहिला पुण्यात.

"विहीर आपलीच आहे. एक दिवस पोहल्यानं काय होतंय," ते बायकोला म्हणाले.

"प्यायाचं पानी हाय त्ये," सारजाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी मंडळ आलं. हैबतरावांनी सगळ्यांच्या आधी सूर मारला. पाणी थंडगार होतं, आणि त्यात त्यांचे हात चालले, अगदी पूर्वीसारखे. पोट कुठे गेलं ते कळलंसुद्धा नाही. पलीकडची भिंत गाठून त्यांनी आनंदानं तोंडभर पाणी घेतलं आणि फुर्रकन कारंजं उडवलं, कॉलेजात उडवत तसंच. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग दम खायला ते पायरीवर बसले आणि मंडळ पाण्यात उतरलं. एकानं अंगाला तेल चोपडलेलं, त्याचा तवंग पसरला. दुसऱ्यानं काखेत साबण घासून फेस सोडला. तिसऱ्यानं नाक शिंकरून बोटं तिथेच धुतली. एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं तर कवळी काढून पाण्यात खळबळली, निरखून बघितली आणि परत तोंडात बसवली. पानाचा एक तुकडा तरंगत तरंगत हैबतरावांच्या पायाशी आला. त्यांनी पाय वर ओढून घेतले.

"दिगू, अरे हे पिण्याचं पाणी आहे."

"बरं मग? सगळे चांगल्या घरचे आहेत, कुणी ऐरेगैरे नाहीत."

काठावर गाव जमलं होतं आणि कौतुकानं बघत होतं. "सायेब लोकांचा कसला इटाळ," मोटेवरचा गडी गेणबा म्हणाला. हैबतराव त्याच्यावर खेकसणार होते. पण पहिली चूळ आपलीच, हे त्यांना आठवलं.

तेवढ्यात तानुबाई हंडा घेऊन करंजाखाली आली. तिथून विहीर दिसत होती, ती बघत राहिली. सारजाबाई घरातली भरलेली घागर घेऊन तिला ओतायला गेल्या, तर तिनं हंड्यावर हात आडवा धरला.

"ह्ये हितलंच का?"

"व्हय, आत्ताच भरलंय."

"मग नगं, बाय. आमी वढ्यात झिरा उकरतो. ह्ये न्हाई जायाचं घशाखाली."

ती रागावलेली नव्हती. आंबलेला भात परत करावा तितक्या साधेपणानं तिनं नाकाला पदर लावला आणि रिकामा हंडा घेऊन वाटेला लागली.

तिच्या तोंडावरची किळस हैबतरावांच्या ओळखीची होती. पारू घागर घेऊन पायरीवर उभी होती तेव्हा तीच त्यांच्या तोंडावर होती. फक्त तानुबाईच्या किळसेला कारण होतं.

दिगू केस पुसत वर आला. "काय हात चाललाय तुझा! मग, येतोस ना मंडळात?"

"आधी सगळ्यांना वर काढ," हैबतराव म्हणाले, आणि गेणबाकडे वळले. "बैल आन. मोट जुंप. हीर उपसायची."

गेणबानं पाहुण्यांकडे पाहिलं, मग करंजाकडे. तिथे आता कुणीच नव्हतं. "मालक, गावाला काय सांगू? इटाळ कुनाचा झाला?"

हैबतराव ओल्या अंगानं उभे होते, पोट पुढे आलेलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"माजा," ते म्हणाले.