मुंगी न फिरकणारं पटांगण

पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध साखरेचा ढीग, आणि एक मुंगी त्याला शिवेल तर शपथ! "ही माती जागृत आहे, जीवजंतू हिच्यापुढे लीन होतात," महाराज डोळे मिटून सांगत आणि गर्दी मुठी भरभरून माती घरी नेई. यायचं अनवाणी, असा दंडक होता. महाराजांच्या पायात मात्र रबरी बूट. त्यांच्या अंगातलं तेज मातीला सोसणार नाही म्हणून, असं भक्तच एकमेकांना समजावत.

शिंपीणबाई सगळ्यांत पुढे बसे, कारण महाराज म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. रांगत्या नातीच्या अंथरुणाभोवती त्यानं स्वतः येऊन माती पसरली होती. घरातली झुरळं खरंच नाहीशी झाली. आणखी काय पुरावा हवा?

सुनेला हवा होता. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पटांगणाच्या भिंतीमागची, महाराजांची सावलीही न पडलेली माती तिनं एका बशीत घेतली, दुसरीत कुंडीतली, आणि दोन्हींत मुंग्या सोडल्या. संध्याकाळी कुंडीच्या मातीत मुंग्या खुशाल हिंडत होत्या. भिंतीमागच्या मातीत सगळ्या उताण्या पडल्या होत्या.

"आई, त्या लीन होत नाहीत, मरतात," सून म्हणाली. तिथं पूर्वी कीटकनाशकाचं गोदाम होतं, हे तिनं शोधून काढलं होतं. तसली पावडर वर्षानुवर्षं विरत नाही. धुळीबरोबर घरात शिरते, गटारातून नदीत आणि माशांत जाते, खाणाऱ्याच्या चरबीत मुरते, आईच्या दुधातून बाळाच्या पोटात उतरते. आपण तर ती हातानं घरात आणली, असं ती म्हणाली.

गोदाम म्हणताच शिंपीणबाईच्या हातातली सुई थांबली. तिथं फवारणीच्या कामाला दादाच तर होता. रोज बूट दाराबाहेर काढायचा आणि तिला बजावायचा, त्यांना हात लावू नकोस.

ती तशीच पटांगणात गेली. "दादा, तुला माहीत होतं."

"हळू बोल," तो पुटपुटला. "तुझ्या घरात टाकली नसती तर लोकांनी विचारलं असतं, सख्ख्या बहिणीला का नाही?"

परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. इथं समोर दादा होता. ज्याच्या बोटाला धरून ती चालायला शिकली, त्यानंच तिची नात पुराव्यासारखी वापरली होती. तिनं डोळे पुसले आणि गर्दीकडे तोंड केलं.

"हा माझा सख्खा भाऊ. याच्या तोंडाकडे नका बघू, पायांकडे बघा. तुम्ही सगळे अनवाणी, मग याच्याच पायात बूट कशाला? एवढं स्वतःला विचारा. आणि ती माती इथंच टाका. घरी गेलात की पोरांना उचलण्याआधी हातपाय धुवा."