शनिवारची शेगडी

आम्हा ज्यूंच्यात शनिवारी विस्तवाला हात लावत नाहीत. शुक्रवारी सूर्य बुडाला की चूल, दिवा, शेगडी, सगळं जिथल्या तिथे. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही, पण हिवाळ्यात वार्दार नदीवरचा वारा सुटला की आमच्या सलोनिका शहरात दात वाजायला लागतात. म्हणून परधर्माचं माणूस लागतं. ते येतं, शेगडी पेटवतं आणि जातं. मात्र त्याला 'पेटव' म्हणायचं नाही. सांगितलं म्हणजे आपणच पेटवल्यासारखं. माझी सासू या बाबतीत फार कडक. ती भिंतीकडे बघून म्हणायची, "आज गारठा आहे हो." बस्स. समजणाऱ्याने समजावं.

माझी समजणारी म्हणजे स्मारो. वरच्या आळीतली ग्रीक बाई, माझ्याच वयाची. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही, मूलबाळ नाही. बोलायची आमच्याच भाषेत, आणि शिव्या आमच्यापेक्षा चांगल्या द्यायची. मी सून होऊन आले तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ती माझ्याकडे यायची. मी म्हणायचं, "गारठा आहे हो," आणि तिने गुडघे टेकून कोळसे फुंकायचे. मग मी कांद्याच्या सालींत रात्रभर मुरलेली तपकिरी अंडी तिच्यासमोर ठेवायची, तीही 'घे' न म्हणता. आमचं सगळं असंच चालायचं.

तेरा वर्षांपूर्वी इथे आमचं राज्य झालं. तुर्क हरला. मग ग्रीक राजा आणि बल्गार राजा या शहरासाठी एकमेकांच्या उरावर बसले, तेव्हा मोठ्या देशांनी वैतागून शहर आम्हा ज्यूंच्या हवाली केलं. जेरुसलेमची स्वप्नं बघणारे हिरमुसले. पण माझा नवरा मायर, बंदरावरचा हमाल, म्हणाला, "अगं, मिळालं ते आपलं जेरुसलेम!" आणि धक्क्यावर नाचला. मीही नाचले, खोटं कशाला बोलू? आता आमचा झेंडा आहे, आमची पोस्टाची तिकिटं आहेत, आमची पार्लमेंट आहे आणि तिथे सगळे एकाच वेळी बोलतात. नाकापेक्षा मोती जड झालाय, पण आपला तो बाब्या.

मायर सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा पेपो शिकला, तर राज्याने त्याला पॅरिसच्या वकिलातीत नेऊन बसवलं. सणाला त्याची तार येते. बाकी आठवडाभर माझ्या घरात माझाच आवाज. शनिवार उजाडला की मी आधी उठून खुर्ची दाराकडे वळवून बसायची. गारठ्यामुळे, असं स्वतःला सांगायची.

ग्रीक लोक एकेक करून निघून गेले. आम्ही कुणाला हाकललं नाही, असं आमचे लोक छाती काढून सांगतात आणि ते खरंच आहे. फक्त दुकानांच्या पाट्या बदलल्या, त्यांची शाळा मुलांवाचून बंद पडली, मग त्यांचा पाद्रीही गेला. मी यावर कधी डोकं शिणवलं नाही.

त्या गुरुवारी बाजारात शेजारीण सारिना भेटली. चारचौघांत मोठ्याने विचारते, "तुझी स्मारो चालली म्हणे?"

"कुठे?"

"तिकडे ग्रीसमध्ये, व्होलोसला, बहिणीकडे. कायमची. रविवारची बोट आहे. तुला बोलली नाही वाटतं?"

"बोलली की," मी ठोकून दिलं.

"मग आता शेगडीचं काय करणार?"

"तुझ्या जिभेवर शेकीन हात. ती कायम पेटलेलीच असते."

घरी येऊन मी पिशवी आपटली. इतक्या वर्षांची ओळख, आणि एका शब्दाने सांगू नये हिने? राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. शुक्रवारभर मी घोकत होते, काय बोलायचं ते.

शनिवारी ती आली. डोक्याचा रुमाल झटकला आणि उभी राहिली. मी म्हणाले, "गारठा आहे हो." ती बसली, कोळसे पेटले. मी अंडी ठेवली.

"आतली खोली रिकामीच आहे," मी भिंतीला म्हणाले.

"आहे खरी."

"उन्हाची आहे. ओल नाही."

"नाही बाई, ओल नाही."

"पेपो काही येत नाही आता."

"नाही येत."

"एकटीला घर खायला उठतं."

स्मारोने अंडं खाली ठेवलं. "किरा रिकुला," ती म्हणाली. त्यांच्यात बाईला किरा म्हणतात. "जन्मभर तुम्ही गारठा म्हणालात आणि मी विस्तव समजले. आज मी काही समजणार नाही. काय हवंय ते तोंडाने बोला."

"शनिवारी कसं सांगायचं?"

"विस्तवाचं नसतं सांगायचं. माणसाचं सांगायला कुणी अडवलंय?"

हमालाची बायको मी, बाजारात मासेवाल्याला रडवणारी, आणि एक शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "राहा."

"शेगडीसाठी?"

"मरो ती शेगडी! माझ्यासाठी राहा. माझं तुझ्याशिवाय कुणी नाही, स्मारो."

ती रडायला लागली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. रुमालात नाक शिंकरून ती म्हणाली, "हे गेल्या हिवाळ्यात बोलली असतीस तर!" तुम्हीवरून तूवर कधी आली ते तिलाही कळलं नाही. "आता सगळं विकून बसलेय. बहिणीने खाट घालून ठेवलीय. आणि रिकुला, मी मेले तर इथे माझ्यावर मंत्र म्हणायलासुद्धा कुणी उरलेलं नाही."

मी तिच्यासमोरचं अंडं उगाच सरळ केलं.

"तूच चल," ती एकदम म्हणाली. "बहिणीचं घर ऐसपैस आहे. दुसरी खाट सहज मावते."

"आपलं राज्य सोडून?"

"राज्य येतं का शनिवारी तुझी विचारपूस करायला?"

"पण तिथे मी कोण असणार गं? ना आमचं देऊळ, ना आमची भाषा, ना..."

"इथे मी जी आहे, ती," स्मारो म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "इथे मला तू होतीस. तिथे तुला मी असेन."

तिची तेरा वर्षं कशी गेली, ते मला तेव्हा कुठे उमगलं. ती दर शनिवारी खाली उतरून यायची, ती माझ्या गारठ्यासाठी येत नव्हती. मला लाज वाटली. ती उठली, शेगडीत दोन कोळसे जास्तीचे टाकले आणि गेली.

रविवारी सकाळी मी चांगला कोट घातला आणि धक्क्यावर गेले. स्मारो एका गाठोड्यावर बसली होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"बोट सुटायला अवकाश आहे," ती म्हणाली. "तुझ्या घरी जाऊन यायला पुरेल इतका."

मला समजलं. मी समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मायर इथल्या मातीत आहे. आणि मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटांना नेहमीसारखा कोळशाचा वास होता. मग ती गाठोडं काखेत मारून फळीवरून चढली. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

बोट निघाली. मायरचा जुना जोडीदार, शेमतोव हमाल, पोत्यांपाशी उभा होता. "कोण गेलं, रिकुला?"

"माझं माणूस."

त्याने बोटीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "ती? ती तर ग्रीक होती."

"हो."

"मग एवढं काय त्यात? इथे आता सगळी आपलीच माणसं आहेत." तो मला समजावतच होता बिचारा, मनाने वाईट नाही. कमरेत वाकून त्याने पोतं पाठीवर घेतलं आणि गोदामाकडे गेला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शिपाई आमचा, तिकीटवाला आमचा, वर फडफडणारा झेंडाही आमचाच. त्यांतल्या कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं. बोट धक्क्यापासून बरीच लांब गेली होती.

"थांब," मी बोटीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले. "येते मी."