सुलतानची सशासारखी धाव

मित्रांनो, मी मैना. नाव पाखराचे असले तरी मी लॅब्राडोर जातीची एक म्हातारी कुत्री आहे. सौंसरला विजयमालाबाईंच्या घरी मी लहानाची मोठी झाले. बाई शाळेत शिकवत आणि त्यांची मुलगी तेजस्विनी कॉलेजात जाई. रस्त्याने मला फिरायला नेले की लोक थांबून म्हणत, "अस्सल जातीची आहे हो!" मला वाटे, अस्सल असणे म्हणजे सगळे चांगलेच असणे.

मग माझ्या सख्ख्या बहिणीची बातमी आली. ती तिगावला एका घरी होती. ऐन उमेदीच्या वयात कमरेचे सांधे झिजून तिला मागच्या पायांवर उठता येईना. तेजस्विनी तिला पाहून आली आणि माझ्या कमरेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत बसली.

"आई, आपल्या मैनालेही असंच झालं तं?"

बाईंनी वाकून माझे मागचे पाय चाचपले. त्या दिवसापासून दोघी माझ्या पावलांकडे पाहू लागल्या. मी जिना चढू लागले की त्यांचे बोलणे थांबे. हळूहळू मलाच पाय टाकायची भीती वाटू लागली.

त्याच सुमारास बाईंच्या जुन्या ओळखीचे भगवंतराव घरी आले. लोधीखेड्याजवळ त्यांची संत्र्याची बाग होती आणि बागेत सुलतान नावाचा काळाभोर, देखणा लॅब्राडोर होता. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून तो सशासारखा उड्या मारत धावे. पाहणारे खूश होत आणि भगवंतरावांची मान ताठ होई.

"ताई, मैना आन् सुलतानची जोडी लावू. पिल्लं सोन्यावानी होतीन. पांढुर्ण्याचे लोक आतापासूनच मागून राहिले."

"भाऊ, आधी दोघांच्या कमरेचा एक्स-रे काढू. या जातीत डोळ्यांचे आजारही असतात, म्हणून रक्तही तपासून घेऊ. नागपूरला होते सगळं."

भगवंतराव उठून उभे राहिले. "माह्या सुलतानात खोट काढून राहिल्या काय तुम्ही? असा पयणारा कुत्रा दाखवा मले!"

"खोट नाही काढत, भाऊ. हिच्या बहिणीला एकदा पाहून या. तिला उचलून बाहेर न्या लागते. तशी पिल्लं आपण कोणाच्या घरी देऊ?"

चहा न घेताच ते निघून गेले. बाई बराच वेळ फाटकाशी उभ्या होत्या. जुना घरोबा तुटला की काय, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

काही दिवसांनी भगवंतरावांची जीप दारात आली. मागे सुलतान बसला होता. "तिगावले जाऊन आलो," ते एवढेच म्हणाले. "चला नागपूरले."

दवाखान्यात औषधांचा उग्र वास होता. मला सुई टोचली आणि डोळे मिटले. जाग आली तेव्हा तेजस्विनीचा हात माझ्या डोक्यावर होता, घामाने ओला.

"मैनाचे सांधे उत्तम आहेत," डॉक्टरांनी सांगितले. तेजस्विनीने मला घट्ट मिठी मारली. पण सुलतानचा एक्स-रे डॉक्टर पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

"याच्या खुब्याची वाटी उथळ आहे. हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही. घासून झिजलाय. हा दोष आईबापांकडून पिल्लांत उतरतो. याची पिल्लं होऊ देऊ नका."

"पण साहेब, तो तं सशावानी उड्या मारते!"

"एकेक पाय टाकला की दुखतं. म्हणून तो दोन्ही पाय एकदम उचलतो."

भगवंतराव सुलतानजवळ जमिनीवरच बसले. "इतकं दुखत होतं तं सांगतलं काऊन नाही रे बापू?" गुंगीतल्या सुलतानने डोळे उघडले आणि त्यांचा हात चाटला.

पुढे आम्हा दोघांच्या रक्ताचा अहवाल आला. डोळ्यांच्या छुप्या आजाराची शंका होती, तीही फिटली. पण काळजी संपली नव्हती. सुलतानची आधीची पिल्ले पांढुर्ण्यात घरोघरी गेली होती.

"माह्याच हातानं दिली. मीच सांगीन," असे म्हणून भगवंतराव प्रत्येक घरी गेले. कुणी चिडले, कुणी हसण्यावारी नेले. एका पिल्लाची कंबर डॉक्टरांना वेळेत दाखवली गेली; त्याचे वजन आटोक्यात ठेवले, औषध सुरू केले, आणि ते आज चांगले चालते. दुसऱ्याला मात्र फार उशीर झाला होता.

माझ्यासाठी तपासलेला जोडीदार मिळेपर्यंत माझे वय निघून गेले. मी आई झाले नाही. दुसऱ्या कुत्रीची पिल्ले दिसली की अजून आत काहीतरी हलते. तरीही बाईंवर माझा राग नाही.

मित्रांनो, तुम्ही हाक मारली की आम्ही दुखऱ्या पायानेही धावत येतो. तुम्हाला वाटते, आम्ही मजेत आहोत. म्हणून आमच्या चालीकडे नीट पाहा. आणि एखादे गोंडस पिल्लू घरी आणायचे ठरवाल, तेव्हा त्याच्या आईबापांचे सांधे तपासलेत का, एवढे विचारायला लाजू नका. पिल्लाला ते स्वतः विचारता येत नाही.