शिरोलीचा दहावा विंचू

खंडेनवमीला कोल्हापुरात हत्यारांची पूजा होते, आणि हत्यार कशाला म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ते गुंडूमामांनी ठरवलं. गुंडूमामा म्हणजे लॅबचे परिचर. नोकरीला तीस वर्षं झालेली, आणि काम अंगात आलं की थांबायचं नाव नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शक पुसले, कपाटं पुसली आणि तेवढ्यावर भागेना म्हणून पीएच.डी. करणाऱ्या नुजहतच्या विंचवांच्या चाळीस बरण्याही स्पिरिटच्या बोळ्यानं लख्ख केल्या. प्रत्येकीवर हळदकुंकू, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. बरण्यांवर शाईनं लिहिलेली गावांची नावं मात्र बोळ्याबरोबर निघून गेली.

दसऱ्यानंतर नुजहत लॅबमध्ये आली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. शिरोलीच्या माळावर आणि गडहिंग्लजच्या बांधांवर चार वर्षं दगड उलथून तिनं हे विंचू गोळा केले होते. दोन्हीकडचा तांबडा विंचूच, जातही एकच. तिचं म्हणणं एवढंच होतं की जात एक असली तरी दोन मुलखांत त्याची ठेवण वेगळी झाली आहे, आणि नीट बघणाऱ्याला ती ओळखता येते. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या म्हणण्यावर उभं होतं. तिचे मार्गदर्शक, विभागप्रमुख उदयसिंह सर, यांच्या डोळ्यांत ते प्रकरण पहिल्यापासून खुपत होतं.

"झालं ते बरंच झालं," सर म्हणाले. "सगळ्या बरण्यांवर 'कोल्हापूर जिल्हा' असं लिही. तिसरं प्रकरण काढून टाक. मी उद्या सही करतो."

"पण सर, ते वेगळे हायत."

"जात एकच आहे ना? मग वेगळं काय? तू दात मोजलेस. दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळतात."

विंचवाच्या पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात. त्यांचे हे दात. आकडे मिसळत होते हे खरं होतं, आणि नुजहतनं ते लपवलंही नव्हतं.

"नुसत्या दातांवर कोण ओळखतंय, सर? शेपटीचे मणके, नांगीची फुगवट, पाठीवरचे दाणे, सगळं मिळून बघायचं. मला बरणीवर नाव नको. मी बघून सांगतो."

मी सांगतो, मी जातो, असंच ती बोलायची. शिवाजी पेठेतल्या पोरी असंच बोलतात. तिचे वडील लालासाब पेठेतल्या फुटबॉल क्लबांच्या जर्सी शिवायचे. एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या दोन जर्सी समोर टाकल्या तर कुठली बापानं शिवली आणि कुठली चुलत्यानं, हे नुजहत दहाव्या वर्षी सांगायची. तिला विचारलं कशावरून, तर एक खूण सांगता यायची नाही. चार-पाच सांगायची.

"बघून सांगतेस?" सर हसले. ते हसणंच वाईट होतं. "ठीक आहे. गुंडू, शिरोलीचे दहा आणि गडहिंग्लजचे दहा नवे विंचू आण. बाटल्यांवर नंबर मी घालणार, यादी माझ्या खणात राहील. एक जरी चुकला तरी प्रकरण बाहेर."

"आणि न्हाय चुकला तर?"

"तर आहे तसा प्रबंध. मी सही करतो."

वीसपैकी वीस! असली अट कुठलंच शास्त्र घालत नाही, आणि हे सरांना चांगलं ठाऊक होतं. नुजहतलाही ठाऊक होतं. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि ती हो म्हणून बसली.

पंधरा दिवसांनी मधल्या मोठ्या टेबलावर वीस बाटल्या मांडल्या गेल्या. विभागातले दोघं प्राध्यापक चहाचे कप घेऊन गंमत बघायला उभे. गुंडूमामा दाराशी. नुजहतनं एकेक विंचू चिमट्यानं बशीत घेतला, भिंगाखाली उलटा केला, सुलटा केला. दात मोजले, शेपटी मापली, दाण्यांवरून सुईचं टोक फिरवलं. मग बाटली डावीकडे, नाहीतर उजवीकडे. डावीकडे शिरोली, उजवीकडे गडहिंग्लज. साडेतीन तास तिनं कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही.

शेवटी डावीकडे नऊ झाल्या आणि उजवीकडे अकरा.

एका प्राध्यापकानं बोटानं मोजलं आणि दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. तेवढं मोजणं पुरेसं होतं. दहा आणि दहा आणलेत हे सगळ्या विभागाला माहीत होतं, म्हणजे यादी न उघडताच पोरगी चुकली होती.

सरांना तिची दया आली असावी. "अजून वेळ आहे," ते म्हणाले. "एक बाटली इकडची तिकडं कर. कुठली, ते तुझं तू ठरव."

नुजहतनं अकराच्या अकरा बाटल्या पुन्हा पाहिल्या. चार वर्षं, तळपायाला लागलेले काटे, वडिलांनी शिलाईयंत्रावर पाठ मोडून भरलेली फी, सगळं त्या एका बाटलीवर येऊन थांबलं होतं. एक बाटली हलवली तर वाचायची आशा होती. पण कुठली हलवायची? एकही शिरोलीचा दिसत नव्हता, आणि दिसत नसताना दिसतो म्हणायचं तर मग चार वर्षं केलं काय?

"न्हाय सर. हे अकरा गडहिंग्लजचेच."

"दहाच आणलेत."

"मला ठाऊक हाय. तरीबी अकरा."

सरांनी खण उघडला आणि यादी वाचली. एकोणीस बरोबर निघाले. "चौदा नंबर," ते म्हणाले, "शिरोली. तू उजवीकडे ठेवलास. संपलं."

"चौदा नंबर शिरोलीचा न्हाय," नुजहत म्हणाली. "यादी चुकलीय."

"यादी माझ्या हातची आहे!"

"मग तुमच्या हातची चुकलीय. सही नका करू. पण मी चौदा नंबर हलवत न्हाय."

दाराशी गुंडूमामा खाकरले.

"सर... त्यो चौदावा तिकडचाच असंल."

"म्हणजे?"

"शिरोलीत नऊच गावलं. तीन दिस हिंडलो, फौंड्रीमागचा समदा माळ पालथा घातला. गडहिंग्लजला सासुरवाडीत अकरा गावलंतं. त्यातला एक शिरोलीच्या पिशवीत टाकला."

"का पण?" सर ओरडलेच. "का टाकलास?"

गुंडूमामा गोंधळून सरांकडे बघत राहिले. "आता तुमीच म्हणतासा न्हवं, समदं एकच हाय म्हणून? मला वाटलं, कुणाला कळतंय!"

चहावाल्या प्राध्यापकांना एकदम आपले तास आठवले आणि ते निघून गेले. सरांनी चौदा नंबरची बाटली उचलून उजेडात धरली. तिच्यात त्यांना काय दिसलं कोण जाणे. बहुतेक काहीच नसावं, आणि तेच त्यांना झोंबलं असावं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि नुजहतपुढं हात केला. "आण ते सहीचं पान."

नुजहतनं पान दिलं नाही. टेबलावरची यादी तिनं त्यांच्याकडे सरकवली.

"आधी हे दुरुस्त करा, सर. मग सही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या गुंडूमामांकडे पाहिलं. मग चौदा नंबरापुढचं 'शिरोली' खोडून त्यांनी आपल्या हातानं 'गडहिंग्लज' लिहिलं.